चहाबंदी

"काका, चाय ठंडी हो रही है," असं म्हणून बबलूनं युनियनच्या विश्रामच्या डोळ्यांदेखत कप तोंडाला लावला.

बोईसरच्या त्या कापड रंगवायच्या कारखान्यात जुना रिवाज होता. युनियन बोलणीला बसायची त्या दिवशी कंपनीचा चहा कुणी घ्यायचा नाही. भरलेली किटली तशीच परत आली, की मॅनेजर स्वतः खुर्ची पुढे सरकवायचा.

"आज बोलणी हाय रे. सकाळीच सांगितलं होतं ना?"

"अब कैसी बोलणी? किमान वेतन तो सरकारने बढ़ाया. फिर युनियन को चंदा काहे को?"

बाकीचे हसले. देव परस्पर पावत असेल तर पुजाऱ्याला कोण विचारतो! पूर्वी दर कराराला विश्राम भांडभांडून सरकारी दराच्या वरचा पगार आणायचा. आता सरकारी दरच तिथवर आला होता, आणि कंपनीही 'कायद्याप्रमाणे देतो' म्हणून नामानिराळी झाली होती. पगार वाढला याचा विश्रामला आनंदच होता. पण कप पालथे घालून आपल्याकडे बघत बसलेली ती माणसं त्याला हवी होती. त्यांच्या आठवणीनं त्याचा जीव तुटायचा.

तो एकटाच वर गेला. मॅनेजर गोड बोलला. "या विश्रामभाऊ. काही वैयक्तिक अडचण?"

"माजी नाय, सगल्यांची. बायकांच्या संडासाला कडी नाय. किती दिस झाले."

"सगळे तर खाली चहा पितायत," मॅनेजर हसला. "कायद्यातलं सगळं आम्ही देतो. कडीचं बघू."

त्या 'बघू'चा अर्थ विश्राम कोळून प्यायला होता.

जिन्याखाली कापडाच्या घडी खात्यातली रखमा त्याची वाट बघत उभी होती. "भाऊ, कडीचं बोललाव?"

"बोललो."

"मग?"

विश्रामनं मॅनेजरचं 'बघू' तिला सांगितलं. रखमा घुटमळली. "माज्या जोडीची ती पूर्वी हाय ना, ती रोज उभी राते दाराशी. आज ती आली नाय."

"चल," विश्राम म्हणाला.

रखमा आत गेली. तिनं दार ओढून घेतलं. कामगारांचा प्रतिनिधी दाराकडे पाठ करून उभा राहिला. शेजारच्या नळावर आपला कप विसळायला बबलू येत होता. विश्रामनं हात वर केला. बबलू होता तिथंच थांबला.