गावाचं नाव काय लिहू?

मोसाने नकाशा जमिनीवर पसरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर दगड ठेवले. क्षणात भोवती घोंगड्या पांघरलेल्या गावकऱ्यांचं कडं झालं. विमानातून काढलेल्या फोटोंवरून राजधानीत, मासेरूच्या कचेरीत तयार झालेला हा कागद. लेसोथोच्या या डोंगरांत असलं काही आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मोसा आली होती त्यावर नावं भरायला.

"रेघा खेटून आल्या की कडा. लांब लांब असल्या की सपाटी," तिने सांगितलं.

"मग ही बघा, इथंच माझा बैल घसरला!" एक म्हातारा ओरडला.

"बैल कुठला? तूच घसरलास. पिऊन."

हशा पिकला. झरा सापडला, मेंढ्यांचा वाडा सापडला. सेबोलेलो नावाच्या नव्या सुनेने बोटाखाली ओढा धरला आणि वर वर जात थेट माहेर गाठलं.

"एवढंसंच? मग मी दर वेळी एवढी दमते कशी?"

या रेघा मोसाने कचेरीत स्वतः काढल्या होत्या. माणसं त्यांच्यावर अशी तुटून पडतील, असं तिला वाटलं नव्हतं. एक नाव विचारावं, तर दहा तोंडं एकदम सांगत. तिची पेन्सिल थांबेना. शेवटी ती घरांच्या काळ्या चौकोनांच्या पुंजक्यावर आली.

"आणि गावाचं नाव?"

गावचे मुखिया घसा खाकरून म्हणाले, "खोत्सोंग लिही. शांततेचं गाव."

"पण मोरेना," मोसा मुखियांना मानाने म्हणाली, "खाली दुकानात तर माशोलुंग म्हणाले."

म्हणजे चोरांचं गाव. पणजोबांच्या काळात कुणी पळवलेली गुरं इथं दडवली, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

"या नावापायी माझ्या आईने दोनदा लग्न मोडायला काढलं होतं," सेबोलेलो म्हणाली. "खोत्सोंगच लिहा, ताई!"

"खोत्सोंग! खोत्सोंग!" एकच गलका झाला. म्हातारा तर नाचायलाच लागला.

मोसाने पेन्सिल टेकवली.

"मग लेबोना कसा येईल?"

आवाज मागून आला. मालेबोना, लेबोनाची आई. इतका वेळ ती सगळ्यांसाठी ज्वारीची आंबील ढवळत होती. तिचा मुलगा सीमेपलीकडे सोन्याच्या खाणीत गेला, तेव्हा सेबोलेलो जन्मलीही नव्हती.

"अगं, त्याला डोंगर ओळखू येतील की," म्हातारा म्हणाला.

"डोंगर दिसेपर्यंत यायला नको? वाटेत विचारणार तो, माशोलुंग कुठं म्हणून. लोक कागद बघून सांगतील, असं गावच नाही."

खाण ढासळल्याची बातमी कधीची येऊन गेली होती. मालेबोनाने ती घरात घेतली नव्हती.

सेबोलेलोने घोंगडी खांद्यावर ओढली.

"माशोलुंगच लिहा," ती म्हणाली. "माझं काय, लग्न तर झालंय."

मोसाने मुखियांकडे पाहिलं.

"मोठ्या अक्षरांत," ते म्हणाले.

नाव लिहून होताच मालेबोना गुडघ्यांवर बसली. तिने गावावर बोट ठेवलं, पायवाटेने मावळतीकडे नेलं, आणि कागद संपला तिथं थांबली.

"पुढं?"

"पुढचा कागद वेगळा आहे, आई."

"आणलायस?"

मोसाने दुसरा कागद काढून कडेला कड जुळवली. पसरायला जागा पुरेना. मुखिया उठले, आपली बैठक उचलून मागे सरकले.

"या बाजूला या रे सगळे," ते म्हणाले. "तिला रस्ता दिसू द्या."