धाकटीची डावी बाजू

सुनेचं वागणं सहा महिने झाले तरी सासूबाईंच्या गळी उतरलं नव्हतं. उजाडायच्या आत दुधी भोपळ्याएवढा कॅमेरा गळ्यात अडकवून प्राणी उद्यानात पळायचं, जनावरांचे शेकडो फोटो काढायचे, आणि मग घरी येऊन दिवसभर संगणकासमोर बसून त्याच फोटोंतलं काहीबाही पुसत राहायचं. कधी कुंपणाची जाळी पूस, कधी बादली पूस, कधी कोपऱ्यात डोकावणारी कुणाची टोपी पूस. "नकोच होतं तर काढलंस कशाला?" असं सासूबाईंनी विचारलं की मान न वळवता उत्तर यायचं, "हं." शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. हे "हं" काही त्यांना पचत नव्हतं.

सासूबाई चार यत्ता शिकलेल्या. पण गणवेशांच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं काढली होती, त्यातली शेवटची बारा तयार कपडा तपासायच्या टेबलावर. वाकडी शिलाई त्यांच्या नजरेतून कधी सुटली नाही, आणि ती घालणारी त्यांच्या जिभेतून.

त्या दिवशी दुपारी त्या वाटाणे सोलत सुनेच्या पाठीशीच बसल्या होत्या. मुलगा कामावर गेला होता, बोलायला दुसरं कुणी नव्हतं. सुनेला उद्यानासाठी जिराफांचं पुस्तक करायचं होतं. सतरा जिराफ, प्रत्येकाचं एक पान, पानावर मानेच्या डाव्या बाजूचा फोटो. मानेवरच्या ठिपक्यांवरूनच कोण कुठला ते ओळखायचं, आणि ते ठिपके दोन्ही बाजूंना वेगळे असतात. सोमवारी दोन नवे राखणदार येणार होते आणि पुस्तक बघून ते सगळ्यांना जंतांचं औषध घालणार होते. सगळ्यांना, पण धाकटीला सोडून. धाकटी नावाची ही मादी गाभण होती, तिला ते औषध बाधलं असतं. पुस्तक पाच वाजता छपाईला जायचं होतं. सोळा पानं झाली होती, आता फक्त धाकटीचं राहिलं होतं.

पडद्यावर धाकटी उभी होती आणि तिच्यामागे एक राखणदार बादली घेऊन समोर बघत होता. सून आता त्याला पुसणार, तेवढ्यात सासूबाईंचा हात वाटाण्यांच्या ताटलीत थांबला.

"थांब. ह्याचा शर्ट कुठल्या गाढवानं शिवलाय?"

"काय झालं आई?"

"खिसा उजवीकडे लावलाय. आमच्याकडे असा एक शर्ट निघाला असता ना, तर मी अख्खा गठ्ठा परत उसवायला लावला असता."

सून हसली. "शर्ट बरोबर आहे हो. मी फोटो फिरवलाय. बाकी सगळे डावीकडे बघतायत, ही एकटीच उजवीकडे बघत होती. म्हणून आरशात दिसतं तसं उलटं करून घेतलं. डावीकडे तोंड हवं होतं ना."

सासूबाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला. "तोंड डावीकडे हवं होतं, की मान डावी हवी होती?"

सुनेनं हळूच फोटो पुन्हा सुलट केला. खिसा जागेवर गेला. मानेची होती ती उजवीच बाजू. उलट करून तिनं जी पानावर घातली होती, तसली डावी बाजू जगातल्या कुठल्याच जिराफाला नव्हती. नव्या माणसांना धाकटी पुस्तकात सापडलीच नसती, आणि सापडली नाही म्हणजे तिलाही औषध गेलं असतं.

सव्वादोन वाजले होते. राखणदाराला पुसून पान पाठवलं असतं तर पाच वाजता कुणी काही विचारलं नसतं. सासूबाई सुनेच्या पाठीकडे बघत राहिल्या. तीस वर्षांत त्यांनी अशा पुष्कळ पाठी बघितल्या होत्या. बहुतेक जणी अशा वेळी कपड्याची घडी घालून गठ्ठ्याच्या तळाशी सारत.

सुनेनं फोन उचलून उद्यानाच्या डॉक्टरीणबाईंना लावला. "मॅडम, माझी चूक झालीय. धाकटीची बाजू चुकली. पाचच्या आत नवा फोटो देते. सासूबाईंनी पकडलं, नाहीतर तसाच गेला असता."

फोन ठेवून ती पिशवी भरायला लागली. सासूबाईंनी वाटाण्यांवर झाकण टाकलं आणि म्हणाल्या, "मी येते. ओझं एकटीनं किती उचलशील."

धाकटीला तपासणीसाठी त्या दिवसापुरतं वेगळ्या आवारात ठेवलं होतं, आणि बघायची वाट एकाच अंगाला होती. ती उभी होती ती नेमकी उजवी बाजू दाखवून, शांतपणे रवंथ करत. जणू कुणी तिला कानात सांगून ठेवलं होतं.

खिसा बरोबर असलेला तो राखणदार जवळ आला. "फांदी दाखवून वळवू का?"

"नको. दिवस भरत आलेत तिचे. तिचं तिला वळू दे."

"वेळ लागेल हं."

"हं," सून म्हणाली, कॅमेऱ्यावरून डोळा न काढता. सासूबाईंना जरा बरं वाटलं. निदान घरच्यांना वेगळी वागणूक नव्हती.

तास गेला, दीड तास गेला. बाकावर बसून सासूबाईंचं अंग आखडलं, त्या उठल्या, बसल्या, टाळी वाजवायला म्हणून त्यांनी हात उचललेसुद्धा. सुनेनं नुसतं बघितलं. सासूबाईंनी हात पदरात घेतले. त्यांना असं गप्प बसवणारं आजवर कुणी जन्माला आलं नव्हतं. सून मात्र गुडघा टेकवून जी बसली ती हललीच नाही. नाकावर माशी बसली तीही तिनं उडवली नाही.

साडेचारला धाकटीनं शेपूट झटकली, दोन पावलं पुढे टाकली आणि सावकाश, नऊवारी सावरत वळावं तशी वळली. कॅमेऱ्याचा खटका तीनदा वाजला.

सुनेनं बाकावरच मांडीवर संगणक घेतला. "पायापाशी कुंपणाचा खांब आलाय, तेवढा पुसते."

"मानेवर आहे का?"

"मानेवर नाही."

"मग असू दे. खांब काही खोटं बोलत नाही."

पान गेलं. पाचला दहा कमी असताना डॉक्टरीणबाईंचा निरोप आला: मिळालं, छान आहे, पुढच्या महिन्यात झेब्र्यांचं करणार का? सुनेनं तो मोठ्यानं वाचून दाखवला, आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "आई, रागावलात का? येताना वाटेत एक शब्द बोलला नाहीत."

सासूबाई पिशवी खांद्यावर घेत उठल्या.

"कारखान्यात माझ्या हाताखालून दीडशे पोरी गेल्या. चूक दाखवल्यावर रडणाऱ्या होत्या, भांडणाऱ्या होत्या, दुसरीवर ढकलणाऱ्या तर ढिगानं. कुणी न सांगता आपणहून जाऊन वरच्या बाईंना 'माझी चूक' म्हणणाऱ्या दोनच. तू तिसरी. कामाला तू चोख आहेस, हे मी आज बोलले, पुन्हा बोलणार नाही. स्वयंपाकाला मात्र भयंकर आहेस. पण स्वयंपाक काय, माझा मुलगा शिकेल."