फुगलेली शिवण

भाचीचा गणितातला प्रबंध माझ्या दुकानात मीच बांधत होतो. सहा वर्षांचं काम, पाच प्रती, दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती.

मी अक्षरं उशिरा शिकलो, तीही हिच्याकडूनच, ही तिसरीत असताना. तेव्हापासून हाताखालचं पान काय म्हणतं ते विचारायची खोड लागली.

"यात आहे काय, ते तरी सांग," मी म्हणालो.

"मामा, तुझ्यापेक्षा परीक्षक परवडले. प्रश्न तरी कमी विचारतात."

पण सांगायला लागली. फलन म्हणजे, समज, एखादा वेडावाकडा आवाज. तो तरंगिकांचे, म्हणजे चिमुकल्या लाटांचे तुकडे जोडून बनवता येतो. सारख्या स्वभावाची फलनं एका अवकाशात राहतात, आणि प्रत्येक अवकाशाची मोजपट्टी निराळी.

"एक्केचाळिसाव्या पानावर मी दाखवलंय, की तुकड्यांच्या मापांची बेरीज आवाक्यात असली, की जोडलेलं अख्खं फलनही आवाक्यात राहतं. पुढचं सगळं त्यावर उभंय."

"शिवणीत तसं नसतं हो बाईसाहेब," मी दोरा ओढत म्हणालो. "वीस फर्म्यांची, म्हणजे घडी घातलेल्या पानांच्या जुड्यांची, जाडी सुटी मोजून बेरीज कर. शिवल्यावर पुस्तक त्याहून जाडच भरतं. प्रत्येक घडीत दोरा थोडा फुगवतो."

ती हसली. मग एक्केचाळिसावं पान उघडलं.

"मामा, कागद दे."

रद्दीच्या पाठकोऱ्या कागदांवर ती संध्याकाळपर्यंत लिहीत राहिली. चहा निवून गेला. तिच्या अवकाशातही प्रत्येक जोडणीला माप थोडं फुगत होतं, आणि तुकडे तर अनंत. साध्या अवकाशातला नियम ती सवयीनं इथे वापरून बसली होती. शेवटी तिनं एक फलन बनवूनच दाखवलं: तुकड्यांची बेरीज आवाक्यात, अख्खं मात्र हाताबाहेर.

"अगं, मी अडाणी माणूस, माझं काय मनावर घेतेस? तुझ्या सरांना दिसलं नाही, ते परीक्षकांना काय दिसणार!"

"मला दिसलंय ना."

"देऊन टाक उद्या. पुढचं पुढे बघू."

"खोटं आहे ते, मामा. कात्री कुठंय?"

पाचही प्रतींचे दोरे तिनं स्वतः कापले. मी हात धरला नाही. धरायला हवा होता का, ते अजून कळत नाही.

आता ती माझ्यासमोर बसून दुसऱ्यांच्या प्रबंधांच्या घड्या घालते. हात चांगला बसलाय. पानावर काय लिहिलंय ते मी विचारत नाही, आणि ती बघत नाही.