सवलतीची मुदत

ग्रंथपाल बाईंनी फोनवर जे मागितलं, ते प्रकाशन कंपनीच्या प्रतिनिधीला आधी कळलंच नाही.

"म्हणजे मुदत वाढवून हवी आहे ना, मॅडम?"

"नको. काढून टाका. करार संपेल त्याच दिवशी आमची जर्नल्स बंद करा."

करार संपला तरी महिना-दीड महिना विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर जर्नल्स उघडी ठेवायची, असा या धंद्यातला रिवाज आहे. तेवढ्या अवधीत गिऱ्हाईक इकडून तिकडून पैसे उभे करतं आणि सही करतं. ही सवलत मिळावी म्हणून ग्रंथपाल मिनतवाऱ्या करतात. ती नको म्हणणारं गिऱ्हाईक प्रतिनिधीने पाहिलं नव्हतं.

"रागावलात का आमच्यावर?"

"राग कसला. लेखी कळवते तुम्हाला."

राग खरोखरच नव्हता. अलीकडे बाईंना तो येतच नसे. दर वर्षी कंपनी भाव वाढवायची, विद्यापीठ तरतूद आवळायचं आणि बाई मधल्या मध्ये यादी घेऊन बसायच्या. या विभागाचं एक काढ, त्या विभागाचं एक ठेव. यंदा वित्त अधिकाऱ्यांनी तरतूद थेट निम्म्यावर आणली होती. त्यांना सगळं विद्यापीठ पाठीमागे 'कात्री' म्हणायचं, आणि हे त्यांना ठाऊक होतं. निम्म्या पैशांत या कंपनीच्या सगळ्या जर्नल्सचं एकत्र पॅकेज बसत नव्हतं. सवलतीच्या मुदतीत जर्नल्स चालू राहिली असती, तर कुणाला पत्ता लागला नसता आणि तोवर अर्थसमितीने कपातीवर शिक्का मारला असता. म्हणून बाईंनी ठरवलं की दार आत्ताच लावायचं, ऐन प्रबंध जमा करायच्या दिवसांत. मग प्राध्यापकच बोंब ठोकतील.

तसं त्यांनी कात्रीसाहेबांना तोंडावर सांगितलंही. "बघा, साहेब. दोन दिवसांत लोक तुमच्या दारात ठाण मांडतील."

"मांडू देत. बाहेर बाक आहेत."

करार संपला. सकाळी बाईंनी स्वतःच्या कॉम्प्युटरवर एक लेख उघडून पाहिला. सारांश दिसला आणि त्याखाली कुलपाचं चित्र. त्यांनी टेबलावरचे कागद बाजूला सारले, तक्रारी लिहून घ्यायला पॅड काढलं आणि त्या बसून राहिल्या.

दुपारपर्यंत कुणी आलं नाही. संध्याकाळी त्यांनी काउंटरवरच्या सहकारिणीला विचारलं, "काही तक्रार?"

"आली ना एक. वरच्या मजल्यावरचा पंखा आवाज करतो."

"आणि जर्नल्सचं?"

"त्याचं काय झालं?"

आठवडा असाच गेला. एकदा वाचनालयाबाहेर मुलांचा घोळका जमलेला दिसला तेव्हा बाई जागेवरून उठल्या. कुणाचा तरी वाढदिवस होता.

घरी त्यांची भाची राहायला होती, बहिणीची मुलगी. ती याच विद्यापीठात रसायनशास्त्रात संशोधन करत होती. जेवताना बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्या विभागात काही बोलणं झालं का गं, जर्नल्स बंद झाली त्यावर?"

"बंद झाली? कधी?"

बाईंनी सांगितलं. भाचीने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मावशी, रागावू नकोस हं. पण लायब्ररीतून घेतंय कोण? पासवर्ड टाका, तो परत टाका, मग ते म्हणतं तुमची वेळ संपली. आमच्या ग्रुपवर लेखाचं नाव टाकायचा अवकाश, चहा होईपर्यंत फाइल हजर."

"चोरीची."

"असेल. जराशी वाकडी स्कॅन केलेली असते, पण वाचता येते."

"तुमच्या सरांना माहीत आहे हे?"

"सरांनीच तर ग्रुप काढलाय."

बाईंना यावर काहीतरी वाटायला हवं होतं. ते येतंय का, याची त्यांनी थोडी वाट पाहिली. मग उठून ताट विसळलं.

"एवढी वर्षं भांडत आले मी त्यासाठी," त्या नळाकडे बघत म्हणाल्या.

"अगं, सांगायचंस ना आधी," भाची म्हणाली. "तुलाही ग्रुपवर घेतलं असतं."

अर्थसमितीच्या बैठकीत कात्रीसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "काय मॅडम, कुठे आहेत तुमचे दंगेखोर? मी बाक झाडून घेतले होते."

कुणीतरी हसलं. बाईंनाही हसू आल्यासारखं झालं. मग कपात कायम झाली आणि कापलेली रक्कम वसतिगृहाच्या लिफ्टकडे वळवण्यात आली. बाईंनी इतिवृत्तावर सही केली. ठरावात खोड काढण्यासारखं काही नव्हतं. लिफ्ट खरंच बंद होती.

दुसऱ्या दिवशी अर्थशास्त्राचे सर आले. सर जन्मापासून अंध. मजुरीच्या दरांवर त्यांचा अभ्यास चालू होता. त्यांच्या लॅपटॉपमधला आवाज पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवायचा. काठी खुर्चीला टेकवून ते ओशाळल्यासारखे बसले.

"तुम्हाला उगाच त्रास द्यायला आलो, मॅडम. माझ्या मशिनीचं काहीतरी बिनसलंय. लेख उघडला की दोन ओळी वाचते आणि गप्प. धाकट्या भावाला दोनदा बोलावलं. त्याने सगळं पुसून परत घातलं, तरी तेच."

"मुलांकडून फाइल नाही घेतली?"

"घेतली. पण ते पानांचे फोटो असतात. त्यांवर मशीन नुसती 'चित्र, चित्र' करते. प्रकाशकाच्या पानावरचं मात्र व्यवस्थित वाचायची, कोष्टकंसुद्धा. इतरांचं चालू आहे म्हटल्यावर दोष माझ्याचकडे असणार, नाही का?"

ज्या तक्रारीसाठी पॅड काढून ठेवलं होतं, ती ही होती. बाई ती घेऊन कात्रीसाहेबांकडे गेल्या.

"एकच?" साहेबांनी विचारलं. स्वर वाईट नव्हता. "त्यांना हवे तेवढे लेख सुटे विकत घ्या. मी मंजूर करतो."

"सुट्या विक्रीची फाइल कुलूपबंद येते. त्यांच्या मशिनीला उघडत नाही."

"मग आता एकासाठी मी लिफ्ट थांबवू का?"

बाई परतल्या. सर तसेच बसलेले होते.

"बिघाड तुमच्याकडे नाही, सर. जर्नल्स बंद आहेत. सवलतीची मुदत मिळत होती, तीसुद्धा मीच नको म्हटलं. लोक ओरडतील आणि पैसे परत मिळतील, असा अंदाज होता माझा."

सरांनी काठी जवळ ओढली. मग विचारलं, "किती ओरडले?"

"तुम्ही एकटेच. तेसुद्धा ओरडला नाहीत."

"मला सांगितलं असतंत, तर ओरडलो असतो की. आवाज बरा आहे माझा."

शेजारच्या विद्यापीठातल्या मैत्रिणीकडून बाईंनी सरांना हवा होता तो लेख मागवला. तिथे छापील अंक येत असे. दुसऱ्या दिवशी त्याच्या झेरॉक्स प्रती आल्या. बाईंनी केबिनचं दार लोटलं आणि सरांसमोर बसून त्या वाचू लागल्या. शीर्षक, सारांश, पहिला परिच्छेद, कोष्टक. कोष्टक आडवं वाचायचं की उभं, ते सरांनी सांगितलं.

चार पानांनंतर सरांनी हात वर केला. "राग मानू नका, मॅडम. माझ्या मशिनीच्या आवाजात यापेक्षा जास्त भाव असायचा."

"थांबू का मग?"

"छे हो. वाचा. पण तळटीपा गाळल्यात तुम्ही."

"त्याही वाचायच्या?"

"मला त्याच लागतात."

बाईंनी चष्मा वर सरकवला, पानं मागे उलटत पहिल्या पानावर आल्या आणि तळाच्या बारीक अक्षरांतली पहिली टीप वाचायला घेतली.