घरच्या बाईला नाव कशाला?

दुपारची जेवणं आटोपली की त्या घरात दोन कामं एकदम सुरू व्हायची. खाली छापखान्यातलं यंत्र धडधडू लागायचं आणि वर स्वयंपाकघरात थोरली सून भाजी निवडता निवडता गोष्ट सांगायला बसायची.

त्या दिवशी गोष्ट एका रुसक्या पालीची होती. पालीनं भांडणात शेपूट टाकलं आणि ते शेपूट एकटंच बाजार फिरायला निघालं. थोरलीची लेक हसून हसून लोळत होती. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली धाकटी सून ते शेपूट कागदावर उतरवत होती.

"त्याला टोपी घाल गं," थोरली म्हणाली. "भर उन्हात निघालंय बिचारं."

"शेपटाला डोकं कुठलं, जाऊबाई?"

"डोकं नसलेल्यांनाच टोपी शोभते. घरात बघतेस ना!"

दोघी खळखळून हसल्या आणि जिन्यावर खोकल्याचा आवाज येताच गप्प झाल्या. सासरे वर आले. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांनी चित्र उचललं, थोरलीनं लिहिलेली पानं उचलली, "शेवट जरा लांबलाय," असं बजावलं आणि खाली गेले. काही दिवसांनी पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर 'कथा व चित्रे' असं होतं आणि त्याखाली आबांचं नाव.

हे वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. सगळ्या शहरात आबा म्हणजे 'गोष्टीवाले आजोबा'. शाळाशाळांतून त्यांना बोलावणी यायची. मुलं सहीसाठी गराडा घालायची आणि हा गृहस्थ बिनदिक्कत सह्या द्यायचा. साध्या चोराला निदान अंधार लागतो. आबांना भर सभेत टाळ्या मिळत होत्या.

लग्न होऊन आल्यावर धाकटीनं एकदा विचारून पाहिलं होतं, "आबा, पुस्तकावर आमची नावं नाही का घालायची?"

"घरच्या बाईला नाव कशाला?" आबा मोठ्यानं हसले होते. "उद्या स्वयंपाक केलास म्हणून ताटावर नाव कोरून मागशील."

नवऱ्यानं री ओढली होती, "आबांचं नाव म्हणजे आपलंच नाव." थोरली नंतर भांडी पुसताना म्हणाली, "जाऊ दे गं. मुलं हसतात ना, झालं." ती हे समाधानानं म्हणाली की हात टेकून, ते धाकटीला कधीच कळलं नाही.

मग थोरली आजारी पडली. घरच्यांना उगाच त्रास नको म्हणून तिनं दुखणं अंगावर काढलं आणि डॉक्टरांकडे नेलं तेव्हा उशीर झाला होता. इस्पितळाच्या खाटेवरही ती लेकीला गोष्ट सांगायची. धाप लागली की थांबायची, पुन्हा धागा उचलायची. गोष्ट पुरी झाली, पानं लिहून झाली आणि ती गेली.

शोकसभेत आबा बोलायला उभे राहिले. "सून कशी असावी, तर अशी. हाताला चव होती. कधी उलटून बोलली नाही." जमलेल्या बायकांनी माना डोलावल्या. धाकटीनं थोरल्या दिरांकडे पाहिलं. आयुष्यभर खाली यंत्र चालवणारा तो माणूस चपलांकडे बघत बसला होता. बायकोच्या गोष्टी त्यानं रोज छापल्या होत्या. त्या कुणाच्या, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

थोड्याच दिवसांत एक मोठी प्रकाशनसंस्था आबांच्या सगळ्या गोष्टींचा एक ग्रंथ काढायला तयार झाली. इस्पितळातली ती शेवटची गोष्टही आबांनी त्यात घातली होती. जेवताना ते म्हणाले, "सूनबाई, या गोष्टीची चित्रं करायला घे. आणि ग्रंथ मी थोरलीला अर्पण करणार आहे, बरं का. 'माझ्या दिवंगत सुनेस.' एवढं कोण करतं सुनेसाठी?"

धाकटीच्या हातातला घास हातातच राहिला. थोरलीच्याच गोष्टी थोरलीलाच अर्पण! वरून दानशूरपणा!

दुसऱ्या दिवशी ती माहेरच्या ओळखीच्या एका वकीलबाईंकडे जाऊन आली. संध्याकाळी प्रकाशनसंस्थेच्या संपादिका घरी येणार होत्या. त्या येऊन बसल्या, आबा आणि दोन्ही मुलांसोबत चहा झाला आणि आबांनी आवाज दिला, "सूनबाई, चित्रं आण."

"चित्रं झालेली नाहीत. होणारही नाहीत," धाकटी दारात उभी राहून म्हणाली. "जुनी चित्रंही ग्रंथात घ्यायची नाहीत. ती माझी आहेत, आणि गोष्टी जाऊबाईंच्या. गोष्टींवर त्यांचं नाव आलं, तर माझी चित्रं आनंदानं घ्या."

नवरा ताडकन उठला. "डोकं फिरलंय का तुझं? पाहुण्यांसमोर?"

"माझ्या घरात, माझ्या छापखान्यात, माझ्या कागदावर काढलेली चित्रं हिची?" आबांचा आवाज चढला. "खायला-ल्यायला कोण घालत होतं?"

"पगार कधी दिलात, आबा?"

"घरच्या माणसाला पगार कसला?"

"मीही वकीलबाईंना तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, नोकर असतीस तर चित्रं मालकाची झाली असती. तू नोकर नव्हतीस, कुणाला काही लिहूनही दिलं नाहीस, म्हणून ती तुझीच. जाऊबाईंचंही तसंच. आता त्यांच्या गोष्टींवर भाऊजींचा आणि लेकीचा हक्क आहे."

संपादिकेनं कप खाली ठेवला आणि थोरल्या दिरांना विचारलं, "तुम्हीच सांगा. गोष्टी कुणाच्या?"

आबांनी थोरल्या मुलाकडे पाहिलं. "आबांच्या," तो म्हणाला.

"आज जाऊबाई दुसऱ्यांदा गेल्या," धाकटी म्हणाली आणि आत वळली.

संपादिका मात्र काय ते पुरतं ओळखून होत्या. चित्रकर्तीच्या संमतीशिवाय आणि गोष्टींचा वाद मिटल्याशिवाय एक पान छापणार नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. आबांनी ग्रंथच मागं घेतला. बाईचं नाव छापण्यापेक्षा पुस्तक न निघालेलं बरं! मुलांवरच्या त्यांच्या प्रेमाचे इतके गोडवे गायले जात, ते प्रेम एवढंच निघालं.

"आबांचे पाय धर, नाहीतर या घरात राहू नको," नवरा म्हणाला. तिनं कपडे आणि रंग बांधले आणि एका खोलीत बिऱ्हाड केलं. चित्रकलेच्या शिकवण्या सुरू केल्या. ओळखीच्या बायका रस्त्यात तोंड फिरवू लागल्या. एक जण तर थांबून म्हणाली, "म्हाताऱ्याची अब्रू चव्हाट्यावर आणलीस गं." सुनेचं नाव कधी कुठं आलंच नव्हतं, म्हणून तिच्यासाठी कुणाला हळहळ नव्हती.

मग एक दुसरा प्रकाशक शिकवणीवर येऊन बसला. "तुम्हाला सगळ्या गोष्टी तोंडपाठ असतीलच," तो हसत म्हणाला. "थोडं इकडचं तिकडं करू. पालीची खार करा. कोण ओळखतंय?"

"खार केली तरी शेपूट जाऊबाईंचंच राहतं," ती म्हणाली. "आणि मीही तेच करायचं असेल, तर ते घर का सोडलं? उठा तुम्ही."

तो गेल्यावर तिला रडू फुटलं. सगळ्या गोष्टी ओठांवर होत्या आणि त्यातली एकही तिची नव्हती.

पुढं कितीतरी दिवसांनी दारावर थाप पडली. थोरले दीर उभे होते. अंगावर छापखान्यातलेच कपडे. तिनं दार पूर्ण उघडलं नाही.

"आता कशाला आलात, भाऊजी?"

"लेक माझ्याशी बोलत नाही," ते खालमानेनं म्हणाले. "रोज तेच विचारते, आईच्या गोष्टी कुठं आहेत? मी घर सोडलंय. संपादिकाबाईंना भेटलो, खरं काय ते सांगितलं. त्या पुस्तक काढतायत. चित्रं तुझीच हवीत म्हणाल्या."

धाकटीनं दार उघडलं, पण 'बसा' म्हणाली नाही.

"फक्त एक अडलंय," दीर म्हणाले. "मुखपृष्ठावर तिचं नाव कसं घालायचं, त्या विचारतायत. सासरचं, माहेरचं, की नुसतंच तिचं? तिला कसं आवडलं असतं? तू सारखी तिच्याजवळ असायचीस, म्हणून आलो."

धाकटीनं आठवून पाहिलं. इतक्या दुपारी, इतकं हसणं, इतक्या गोष्टी. पालीला काय आवडतं हे थोरलीनं सांगितलं होतं, शेपटाला काय आवडतं तेही सांगितलं होतं.

"मला नाही माहीत, भाऊजी," ती म्हणाली. "मीसुद्धा त्यांना कधी विचारलं नाही."