चौकातला अँटॅगोनिस्ट

नकोशी चौकात आली, मान वर करून फ्लेक्स वाचला आणि लांडग्याचा वास आलेल्या मेंढीगत जागच्या जागी थिजली.

बोर्ड चांगला दोन मजली. मधोमध दादासाहेब, डोळ्याला काळा चष्मा, कानाला मोबाईल. खाली हात जोडलेली ढीगभर मुंडकी. आणि डोक्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं, ‘तालुक्याचे एकमेव अँटॅगोनिस्ट मा. दादासाहेब यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा.’

शेळगावच्या पलीकडच्या त्या वस्तीवर हा शब्द एकाच माणसाच्या तोंडात होता. तिच्या.

त्याचं असं झालं. नकोशी बारामतीच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करत होती. कथेतल्या पात्रांचे प्रकार शिकवायला घेतले आणि ते जडजड शब्द काही डोक्यात टिकेनात. विनया मॅडमनी युक्ती सांगितली, प्रत्येक शब्द ओळखीच्या माणसाला चिकटवा, मग तो पळून जात नाही. नकोशीनं अख्खी वस्ती चिकटवून टाकली. जिची गोष्ट असते ती प्रोटॅगोनिस्ट. ती तिची आई सारजा, गेल्या निवडणुकीत ग्रामपंचायतीला उभी राहायला निघालेली. ज्याच्या शेजारी दुसऱ्याचा रंग उठून दिसतो तो फॉइल; तो चुलता म्हस्कूतात्या, कारण आई जेवढी गप्प तेवढा हा बोलका. फ्लॅट कॅरेक्टर दादासाहेबांचा पुतण्या शिवम, जन्मल्यापासून एकच डायलॉग, ‘व्हय दादा.’ राउंड कॅरेक्टर म्हणजे ज्याचा थांग लागत नाही असा माणूस. तसा मात्र कुणी सापडेना. वस्तीवर सगळ्यांचा थांग सकाळच्या चहालाच लागायचा. आणि अँटॅगोनिस्ट कोण, तर आईला आडवं येऊन फॉर्म मागं घ्यायला लावणारे दादासाहेब.

रोज सकाळी शेळ्यांची धार काढताना ती नुसता शब्द आणि त्याचा माणूस, एवढंच मोठ्यानं घोकायची. तात्या बाहेर मिश्री लावत ऐकायचा.

वस्तीवरच्या लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे बोर्ड, सगळा मजकूर तात्याच जुळवायचा. शिवम त्याच्याकडं आला आणि म्हणाला, कार्यसम्राट, किंगमेकर, विकासपुरुष सगळं शेजारच्या गावांनी वापरून चोथा केलंय, दादाला नवं कोरं इंग्लिश पाहिजे. तात्यानं विचार केला, शिकलेली पोरगी देवाच्या आधी ज्याचं नाव घेती, त्याला ती वाईट कशाला म्हणंल? त्यानं तोच शब्द लिहून दिला. इंदापूरच्या फ्लेक्सवाल्यानंही मुकाट छापून दिलं. त्याला बोर्डाच्या मापाशी मतलब.

नकोशीनं घरी येऊन अर्थ सांगितला तेव्हा तात्याच्या तोंडातली मिश्री गिळली गेली.

बोर्ड उतरवायचीही सोय नव्हती. दादासाहेब सकाळीच त्याच्यापुढं फोटो काढून गेले होते, अख्ख्या तालुक्यानं स्टेटसला ठेवला होता.

दादासाहेब रागावतील, चार शिव्या देतील, याचं तिला भ्या नव्हतं. भ्या होतं गाडीचं. पोरींना वस्तीवरनं फाट्यापर्यंत सोडायला दादासाहेबांनीच गाडी लावली होती, शिवम चालवायचा. फाट्यावर बारामतीची एसटी मिळायची. गाडी बंद झाली की कॉलेज बंद. उसाच्या वाटंनं एकटीला चालत जाऊ देणारा बाप त्या वस्तीवर अजून जन्मायचा होता.

“हितं कुणाला इंग्लिश येतंय?” तात्यानं धीर दिला. “केक कापतील, पांगतील.”

तेवढ्यात शिवम निरोप घेऊन आला, संध्याकाळी सगळ्यांनी यायचं, बारामतीच्या विनया मॅडम प्रमुख पाहुण्या आहेत.

संध्याकाळी नकोशी पुढच्या रांगेत बसली. मॅडम स्टेजवर चढल्या, हसून नमस्कार केला, त्यांची नजर फ्लेक्सवर गेली आणि तिथंच अडकली. दादासाहेबांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी माईक घेतला आणि आमच्या लोकांना जरा अर्थ उलगडून सांगा, अशी मॅडमना विनंती केली.

मॅडम घोटभर पाणी प्याल्या. मग अजून घोटभर. शिकलेलं माणूस भ्यालं की त्याला विद्यार्थी आठवतात. “आमची विद्यार्थिनीच सांगेल,” त्या म्हणाल्या आणि बोट नेमकं नकोशीकडं केलं.

माईक तिच्या हातात आला. खोटं सांगावं, महान नेता म्हणावं, टाळ्या पडतील. मॅडम काय बोलणार नव्हत्या. तिनं मागं बघितलं. बायकांच्यात आई बसली होती, डोक्यावर पदर, आणि एकटीच फ्लेक्सकडं न बघता लेकीकडं बघत होती.

“गोष्टीत एक माणूस काहीतरी करायला निघतं,” नकोशी म्हणाली. “त्याला जो आडवा येतो, तो अँटॅगोनिस्ट.”

शिवमच्या हातातला केकचा चाकू तसाच वर राहिला.

दादासाहेबांनी चष्मा काढला. “मी कुणाला आडवा आलो गं?” आवाज अगदी मऊ.

“माझ्या आईला. पंचायतीच्या फॉर्मला.”

दादासाहेबांनी चष्मा परत घातला आणि म्हणाले, “केक आणा.” लोकांनी केक खाल्ला, पण कुणी बोलून खाल्ला नाही.

सकाळी पोरी वाटंवर उभ्या होत्या. नकोशीपासनं जरा लांबच. गाडीची वेळ झाली, टळली. उसात पाखरू फडफडलं तरी ती मान उंच करून बघायची. शेवटी धुरळा दिसला. गाडी आली. शिवमच्या शेजारी दादासाहेब बसलेले.

“बस,” ते म्हणाले.

चौकातनं जाताना फ्लेक्स तसाच झळकत होता. फाट्यावर पोरी उतरल्या, तेव्हा दादासाहेबांनी नकोशीला थांबवलं.

“बोर्ड काढायचा न्हाय. काढला तर लोकं म्हणतील, खरंच हाय. गाडीबी तेवढ्यासाठीच चालू हाय.” त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “औंदा आई फॉर्म भरणार हाय का?”

“म्हाईत न्हाय.”

“भर म्हणावं.”

शिवम सवयीनं ‘व्हय दादा’ म्हणाला. गाडी वळून गेली. भर म्हणावं, म्हणजे भरू देणार, का भरल्यावर इंगा दाखवणार? नकोशी धुरळ्यात उभी राहून किती वेळ ते घोळवत होती. एसटी आली. राउंड कॅरेक्टर, तिनं मनातल्या मनात चिकटवलं. शब्दाला माणूस मिळाला, पण आईला काय सांगायचं, ते बारामती येईपर्यंत काही ठरलं नाही.