माझ्या वाऱ्यानं विरघळलेली फुलं

मी एक जुना कूलर आहे, पत्र्याचा, तिन्ही बाजूंना गवत लावलेला. मित्रांनो, छत्रपती संभाजीनगरचा मे महिना तुम्ही काढला असेल, तर माझा रुबाब तुम्हांला वेगळा सांगायला नको. शहागंजातल्या एका कारागिरानं मला ठोकून ठोकून बनवलं. तिथून मी शेंद्र्याच्या या घरात आलो आणि बारा उन्हाळे नुसतं कौतुक ऐकलं. पाहुणे आले की आधी माझ्यासमोर बसायचे, मग पाणी मागायचे. माझ्यामुळं कुणाचं नुकसान होईल, असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

या घरची सून तनुजा केक करते. पिठीसाखर आणि डिंक मळून ती गुलाब अन् चाफ्याची फुलं बनवते, ताटात वाळवते आणि कडक झाली की केकवर लावते. यंदा तिला पहिली मोठी ऑर्डर मिळाली, मंजुषाताईंच्या लेकीच्या साखरपुड्याची. हा केक जमला तर काम पुढं चालू, नाहीतर कंपनीत पॅकिंगला जायचं, असं घरात ठरलं होतं. दोन दिवस खपून तिनं साठ फुलं केली आणि सकाळी केकचे डबे आणायला शहरात गेली.

घरी तिच्या सासूबाई होत्या, दगडाबाई. ताटांकडं बघून त्या स्वतःशीच म्हणाल्या, "वाऱ्यावर लवकर वाळतील बिचारी." त्यांनी माझ्या टाकीत दोन बादल्या पाणी ओतलं, मला ताटांसमोर ओढलं आणि बटण दाबलं. मीही जीव तोडून वारा सोडला.

तासाभरात पाकळ्या लवल्या. मग चिकट झाल्या. गुलाबाचा रंग पांढऱ्या चाफ्यावर ओघळला. हे काय चाललंय, मला कळेना, आणि थांबणं माझ्या हातात नव्हतं. तेवढ्यात तनुजा दारात आली. हातातले डबे तिनं हळूच खाली ठेवले.

"आई, कूलर कुणी लावला?"

"म्या लावला. कुरडया नाय का वाऱ्यानं वाळत?"

"कूलरचा वारा ओला असतो, आई."

मित्रांनो, मी सुन्न झालो. बारा वर्षं ज्या वाऱ्याची मला घमेंड, तोच त्या फुलांच्या मुळावर उठला होता. दगडाबाईंनी एक फूल उचललं, ते बोटांना चिकटलं. मग त्यांनी मला बंद केलं आणि त्या म्हणाल्या, "पीठ मळ. म्या बी बसते."

दुपारभर त्या उकाड्यात दोघी फुलं करत राहिल्या. घाम ताटात पडू नये म्हणून दगडाबाईंनी कपाळाला फडकं बांधलं. मला लावायचं कुणी नावही काढलं नाही. फुलं चाळीसच झाली, त्यांतली काही जरा बोजड, पण कोरड्या हवेत सकाळपर्यंत खडखडीत वाळली.

मंजुषाताई केक न्यायला आल्या. एका जाडसर गुलाबाकडं त्या बघतच राहिल्या. तनुजा म्हणाली, "तो आईंनी केलाय." ते ऐकून मंजुषाताईंनी आणखी एका केकची ऑर्डर दिली आणि त्या गेल्या.

दगडाबाई तिथंच जमिनीवर आडव्या झाल्या. तनुजानं स्वतः माझ्यात पाणी भरलं आणि मला त्यांच्याकडं वळवलं. आता बटण दाबणार, तोच हात थांबवून तिनं विचारलं, "आई, लावू का?"

एवढंच, मित्रांनो. कुणाला वारा घालायच्या आधी एवढं विचारत जा.